उजवीकडची दांडी

शाळेला, ऑफिसला किंवा बायकोने सांगितलेल्या कामाला दांडी मारणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. पण दांड्या मारणं हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि ज्याने वीस वर्षांत एक दिवस कामाला दांडी मारली नाही, असा माणूस त्या गावात एकच होता. लोक त्यांना दांडीमास्तर म्हणत. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण भिंतीला भोक पाडण्याआधी पंधरा मिनिटं भाषण द्यायची सवय असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

म्हाताऱ्या माणसांना आपल्याच घरात, कोणाला हाक न मारता राहता यावं, अशी घरं ते करून देत. संडास-बाथरूममध्ये धरायला स्टीलच्या दांड्या, दाराशी पायरीच्या जागी उतार, ठेच लावणारा उंबरा काढून सपाट पट्टी, गोल मुठीऐवजी कोपराने दाबली तरी उघडेल अशी कडी. "चाळिशीत शिवलेली पँट सत्तरीत होते का? मग चाळिशीत बांधलेलं घर कसं होईल?" हे भाषणातलं पहिलं वाक्य. समोरचा हसे. मास्तर हसत नसत. विनोद आपण करायचा आणि हसायचं काम गिऱ्हाइकावर सोडायचं, अशी त्यांची पद्धत.

ते मूळचे फरशीवाले. बारा वर्षं त्यांनी लोकांच्या बाथरूममध्ये आरशासारख्या गुळगुळीत फरश्या बसवल्या, आणि पुढची वीस वर्षं त्यांवरून घसरणाऱ्यांसाठी दांड्या. "आधी पाडायचं, मग उचलायचं," असं त्यांची बायको म्हणे. बाईंची जीभ ड्रिलपेक्षा बरी चालायची.

पण मास्तरांची खरी ख्याती ठशाची. फरशीवाले सरळ रेघ मारायला दोरीला निळी पावडर लावतात. मास्तर ती म्हाताऱ्या माणसाच्या तळहाताला लावायचे, त्याला कमोडवर बसवायचे आणि म्हणायचे, "आता उठा." उठताना हात आपोआप भिंतीकडे जातो. भिंतीच्या फरशीवर निळा पंजा उमटला की तिथं पेन्सिलीची खूण, तिथंच दांडी. "पुस्तकातल्या उंचीवर नाही, ह्या माणसाच्या उंचीवर. ठसा खोटं बोलत नाही," हे भाषणातलं शेवटचं वाक्य. ह्याच्यानंतर ड्रिल सुरू होई, त्यामुळे कोणाला उलट उत्तर देता येत नसे.

तर ह्या मास्तरांना शिवणबाईंच्या मुलाने बोलावलं.

शिवणबाई शहात्तर वर्षांच्या. अर्ध्या गावाच्या शाळेचे गणवेश त्यांच्या मशीनवरून गेलेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीपाशी मशीन, आणि खिडकीतून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना कमरेच्या मापासकट ठाऊक. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. त्या एकट्या राहत आणि त्यांना तसंच राहायचं होतं. पण महिन्यापूर्वी त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि शेजारीण येईपर्यंत दोन तास तिथंच बसून राहिल्या. मुलगा परगावाहून धावत आला. तो म्हणाला, माझ्याकडे चल, चौथ्या मजल्यावर छान हवा येते. बाई म्हणाल्या, हवा इथंही येते. बरीच घासाघीस होऊन शेवटी असं ठरलं की बाथरूम सुधारून घ्यायचं, मग मुलगा आठ दिवस रजा काढून इथंच राहणार, आणि त्या आठ दिवसांत आईने बाथरूममधून एकदाही हाक मारली नाही तर ती इथंच राहील. मारली, तर चौथा मजला.

मास्तर आले तेव्हा बाथरूमच्या दारात मुलगा, त्याच्या मागे मास्तरांची ड्रिलची पेटी, आणि आत कमोडवर, झाकण लावून त्यावर, नीट पदर घेऊन शिवणबाई बसल्या होत्या. दोन पुरुषांसमोर, एक पोटचा असला तरी, कमोडवर बसून दाखवायचं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण चेहरा बघायला मास्तरांना वेळ नव्हता. ते फरश्या ठोकून कुठली पोकळ वाजते ते बघत होते.

"साहेब, आजींना गुडघ्याचा त्रास?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आहे थोडा."

"चक्कर?"

"नाही."

"मी तुमची आजी कशी हो?" कमोडवरून आवाज आला. "तुम्ही काय पाळण्यात आहात?"

मुलगा हसला. मास्तरही हसले, आणि पुन्हा मुलालाच म्हणाले, "आजी विनोदी आहेत." मग त्यांनी पावडरीची डबी उघडली, खाली वाकून बाईंचा उजवा हात मनगटाशी धरला, आणि तळव्यावर निळं फासलं. भिंत उजवीकडेच होती. डावीकडे मोकळी जागा, मग बादली, मग नळ. भिंत जिथं आहे तिथंच दांडी बसणार, ह्यात विचारण्यासारखं काय होतं?

"आता उठा."

बाईंनी भिंतीवर हात टेकला आणि ओठ मिटून उठल्या. फरशीवर निळा पंजा उमटला, जरा घसरलेला.

"झालं. आता हे तर माझ्या डाव्या हाताचं काम," मास्तर म्हणाले. बाईंनी चटकन वर पाहिलं. मास्तर पेन्सिल शोधत होते.

काम चोख झालं. दांडीचं खोकं फोडायला त्यांनी मशीनवरची कात्री मागून घेतली, ती काही केल्या कापेना. "आजी, कात्रीची धार गेलीय," ते म्हणाले. "हो का," बाई म्हणाल्या आणि कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली. मास्तरांनी खोकं दातांनी फोडलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाईंना आतून बाहेर यायला पाऊण तास लागला. मुलाने दोनदा विचारलं, "आई, ठीक ना?" आतून "ठीक" असा आवाज आला, पण तो ठीक नव्हता. चौथ्या दिवशी आतून काहीच आवाज आला नाही, म्हणून मुलाने दार ढकललं. बाई कमोडवर होत्या. उजवा हात दांडीवर, आणि उठता येत नव्हतं. हाक त्यांनी शेवटपर्यंत मारली नाही. मुलाने त्यांना काखेत धरून उभं केलं. कपडे सावरायला वेळ मिळाला नव्हता. त्या दिवशी आई आणि मुलगा एकमेकांकडे न बघता जेवले.

मास्तरांना निरोप गेला. ते तडक आले. आपल्या दांडीबद्दल तक्रार ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट होती. ते स्वतः कमोडवर बसले आणि दांडी धरून पाच वेळा उठले. मग दोन्ही पाय उचलून दांडीला लोंबकळले. पोट सुटलेला, चष्मा नाकावर घसरलेला माणूस लोंबकळताना फार शोभत नाही, पण दांडी केसभर हलली नाही.

"हत्ती बांधा," ते म्हणाले. मग हात झटकत मुलाकडे वळले. "साहेब, खरं सांगू? दांडीत दोष नाही. माणसात जोर राहिला नाही, तिथं दांडी काय करणार? आजींना आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही."

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. मुलगा म्हणाला, "मग ठरलं, आई. रविवारी सामान न्यायचं." बाई म्हणाल्या, "बरं." फक्त तेवढंच.

मास्तर घरी गेले आणि बायकोला सगळं सांगितलं. आपलं माप कसं बरोबर होतं, हे सांगताना लोंबकळण्याचा भाग त्यांनी करूनही दाखवला, दाराच्या चौकटीला.

"बाई काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"त्या काय म्हणणार?"

"म्हणजे विचारलंच नाहीत."

"अगं, त्यांचा मुलगा होता ना तिथं."

"बरोबर आहे. उद्या मला भूक लागली का, ते शेजाऱ्यांना विचारा."

बायकोचा टोमणा बसला की मास्तर हत्यारं पुसायला बसत. पुसता पुसता लक्षात आलं, पाणसळ बाईंच्याच बाथरूममध्ये राहिली. भिंतीवर आडवी धरली की आतला पाण्यातला बुडबुडा सरळ-वाकडं सांगतो ते हत्यार. ती नसली की मास्तरांना स्वतःच वाकडं झाल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मुलगा सामानाच्या गाडीची चौकशी करायला बाहेर पडला होता. दार उघडंच होतं. खिडकीपाशी, पाठमोऱ्या, शिवणबाई जुना पडदा कापत होत्या, मशीनला प्रवासासाठी खोळ शिवायला. कात्री तीच. धार गेलेली. आणि ती जाड पडद्यातून लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती, एकदाही न थांबता, सरळ रेघेत, जी मारायला मास्तरांना दोरी आणि पावडर लागे.

कात्री डाव्या हातात होती.

"बाई," मास्तर म्हणाले, "तुम्ही डावखुऱ्या?"

बाई दचकल्या आणि शहात्तराव्या वर्षी, शाळेतल्या मुलीसारखा, हात पाठीमागे लपवला. मग मागच्या मागे कात्री उजव्या हातात घेऊन पुढे आणली.

"हळू बोला."

"घरात कोणी नाही."

"तरी हळू बोला."

मास्तर स्टुलावर बसले. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं.

"शाळेत बाई पट्टीने बोटांवर मारायच्या," शिवणबाई पडद्याची घडी घालत म्हणाल्या. "मग सासरी बारा माणसं. डाव्या हाताने वाढलं की ताट बाजूला सरकायचं. कोणी बोलायचं नाही, नुसतं सरकायचं. मग मी ठरवून टाकलं. लोकांसाठी उजवा. दार लावलं की डावा. ह्यांना कळलं होतं. बोलले नाहीत कधी. एकदा फक्त ही कात्री आणून दिली, डाव्या हाताची. जुन्या पेपरात गुंडाळून, चोरीचा माल असावा तशी."

"आणि उजवा?"

"उजवा खांदा आठ वर्षं वर जात नाही. लिहिण्या-जेवण्यापुरता चालतो. वजन घेत नाही. आणि पडल्यापासून मुलगा कडी लावू देत नाही; दार नुसतं लोटलेलं असलं की उजवाच."

"मग मला सांगायचं ना, त्या दिवशी," मास्तर म्हणाले. "पावडर लावताना."

"तुम्ही विचारलंत कुठं? हात धरलात. उजवा. आमच्या बाई धरायच्या तसाच."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई साधं माप सांगावं तसं म्हणाल्या. मास्तर खाली फरशीकडे बघत राहिले. वीस वर्षं ते म्हणत आले होते, ठसा खोटं बोलत नाही. हात दुसऱ्याने धरून उमटवलेला ठसा खरं काय बोलणार? आणि आता मान वळवली तर घरभर दिसत होतं. दाराची चौकट डावीकडून काळपट, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. कपाटाची डावी कड तशीच. बाथरूमच्या आत, कमोडच्या डावीकडे, नळाचा पाइप दोन वितींएवढा चकचकीत. बाई वर्षानुवर्षं त्याला धरून उठत होत्या. भिंती वाचणारा माणूस म्हणून ज्याची ख्याती, त्याने काल त्याच पाइपाला पाठ करून लोंबकळून दाखवलं होतं. आणि त्या लोंबकळण्याच्या जोरावर एका बाईला तिच्या घरातून उठवलं होतं.

"मी साहेबांना सांगतो, आत्ता," ते उठले.

"नाही."

"अहो, पण नाहीतर रविवारी..."

"जाईन मी चौथ्या मजल्यावर. पण त्याला हे सांगायचं नाही." बाई पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघत होत्या. "मास्तर, तो डावराच जन्मला. पाच वर्षांचा होता. मीच त्याला वळण लावलं. हात बांधून ठेवायची मी त्याचा, जेवताना. रडायचा. आणि तो झोपला की आतल्या खोलीत डाव्या हाताने त्याचाच शर्ट बेतायची. आता त्याला काय तोंडाने सांगू, की मी आयुष्यभर दार लावून हेच करत होते?"

मास्तर बाथरूममध्ये गेले आणि विसरलेली पाणसळ उचलून आले.

मुलगा आला तेव्हा मास्तर दारातच उभे होते. पाणसळ काखेत.

"साहेब, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"दांडी. उजवीकडे मारली, डावीकडे हवी होती. भिंत उजवीकडे होती, मला सोपं होतं, म्हणून तिथं मारली."

"काल तर म्हणालात, आईच्या हातात जोर नाही."

"काल मी न बघता बोललो."

"माझ्या आईला तुम्ही न बघता..." मुलगा थांबला. मग म्हणाला, "वर लोंबकळूनही दाखवलंत."

"लोंबकळलो," मास्तर म्हणाले. कान लाल झाले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले लपत नाहीत, केस कमी असतात.

"पण डावीकडे का? आई उजव्या हाताची आहे."

आतल्या खोलीत मशीनची खोळ शिवण्याचा आवाज थांबला. मास्तरांना तो थांबलेला ऐकू आला.

"उजवा खांदा वर जात नाही त्यांचा. आठ वर्षं. डाव्यातच जोर आहे," ते म्हणाले. ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. "हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्यांना. तुम्हाला नाही."

मुलगा आत गेला. "आई, आठ वर्षं खांदा दुखतोय आणि मला सांगितलं नाहीस?" असं तो म्हणत होता. बाई म्हणत होत्या, "तू विचारलंस कुठं?" एकच वाक्य दोघांना पुरलं.

डावीकडे भिंत नव्हती. तिथं मागच्या भिंतीला बसणारी, नको तेव्हा वर उचलून ठेवायची दांडी लागते. ती मास्तरांनी दोन गावं फिरून आणली. ह्या वेळी ते बाथरूमच्या बाहेर, दार लोटून, पाठ करून उभे राहिले. डबी आत दिली होती.

"बाई, तुमच्या सवडीने. जसं रोज उठता तसं. पाइपाला पावडर लागली की नुसतं सांगा."

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "लागली."

उजवीकडची दांडी काढली तेव्हा भिंतीच्या फरशीत सहा भोकं राहिली. मास्तरांनी पांढऱ्या सिमेंटने बुजवली, पण बुजवलेलं दिसतंच. मुलगा म्हणाला, फरशी बदलून द्या. मास्तर कबूल झाले, पण बाई म्हणाल्या, "राहू द्या, परत धूळ कोण काढणार." मास्तरांना बदलली असती तर बरं वाटलं असतं. त्यांना बरं वाटावं म्हणून बाई धूळ काढणार नव्हत्या.

मुलाने रजा आणखी आठ दिवस वाढवली. आठ दिवसांत हाक आली नाही. नवव्या दिवशी तो एकटाच परत गेला. निघताना त्याने किल्ल्या आईकडे टाकल्या आणि बाईंनी त्या हवेतल्या हवेत डाव्या हाताने झेलल्या. दोघंही क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले. मुलगा वाकून बुटाची नाडी बांधू लागला, जी बांधलेलीच होती. "पोचलो की फोन करतो," तो म्हणाला. हे बाईंनीच पुढे मास्तरांना सांगितलं, आणि सांगताना खिडकीबाहेर बघत होत्या. त्याला कळलं की नाही, हे त्यांनी त्याला विचारलं नाही. सगळंच एकदम विचारता येत नाही.

मास्तरांना मात्र झोप लागेनाशी झाली. वीस वर्षांच्या वह्या त्यांनी काढल्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं वय, उंची, गुडघ्याचं माप, आणि पुढे त्यांच्याच अक्षरात 'उजवा'. कोणाला विचारून लिहिला होता, एकही आठवेना. बायकोने मागे उभं राहून दोन वह्या चाळल्या. तिच्याकडे टोमणा तयार असणार, पण तिने तो मारला नाही, आणि ते मास्तरांना टोमण्यापेक्षा जड गेलं. "जाऊन या," ती म्हणाली. "एकेक करून."

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर कंपाउंडरकाका होते. ते तीन वर्षांपूर्वी गेले. काकू होत्या. त्यांनी मास्तरांचं सख्ख्या भावासारखं स्वागत केलं आणि चहा ठेवला. मास्तर म्हणाले, जरा बाथरूम बघतो. बघितलं. दांडी अजून नव्यासारखी चकाकत होती, एक ओरखडा नाही, आणि तिच्यावर दोन टॉवेल वाळत होते.

"फार सोयीची हो तुमची दांडी," काकू मागून म्हणाल्या. "टॉवेल लगेच वाळतो."

"काका धरायचे ना पण?"

"ते? छे. ते खिडकीच्या गजाला धरून उठायचे. मी म्हणायची, अहो, मास्तरांनी एवढी मारून दिलीय. तर म्हणायचे, ती पलीकडे राहते गं, हात पोचत नाही. पण मास्तरांना सांगू नकोस, बिचाऱ्याला वाईट वाटेल." काकू हसल्या. "आता ते नाहीत, म्हणून सांगते."

मास्तरांनी टॉवेल उचलला, त्याची घडी घातली, ती पुन्हा मोडली आणि टॉवेल होता तिथंच ठेवला. खिडकीचा गज मधोमध घासून पांढरा झाला होता. तो त्यांनी पाहिला आणि मग त्यांना काकूंकडे मान वर करून बघता येईना.

"काकू," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही कुठं धरता?"

"मी?" काकूंना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मला अजून तसं लागत नाही. म्हणजे... सकाळी जरा. दाखवते, पण हसू नका हं."

"नाही हसत," मास्तर म्हणाले, आणि दाराबाहेर जाऊन, पाठ करून उभे राहिले.